यंत्र आपले, सातबारा परक्याचा

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आपल्या संगणकप्रणालीचा पाठिंबा काढून घेतला. त्या दिवसापासून या प्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले. ज्यांना त्या हव्या असतील त्यांनी कंपनीच्या खात्यात आपली नोंद करावी किंवा पैसे मोजावे, आणि तेही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या एका वर्षापुरते, एवढी सवलत जाहीर झाली. नवी विंडोज ११ घ्यावी म्हटले तर तिच्या अटी अशा की, इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचा, म्हणजे ढोबळमानाने २०१७ च्या आधीचा प्रोसेसर असलेली यंत्रे तिला चालत नाहीत. यंत्र सुस्थितीत आहे, पडदा शाबूत आहे, कळफलकाची एकही कळ निखळलेली नाही. तरी परदेशातील एका कंपनीने ठरविले म्हणून ते भंगार झाले. कॅनालिस या बाजारपाहणी करणाऱ्या संस्थेने २०२३ सालीच असा अंदाज वर्तविला होता की, या एका निर्णयापायी जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतील.

नागपूरच्या श्रमिकांना भंगार या शब्दाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या जागी आज मॉल उभा आहे. यंत्र खरोखर झिजते केव्हा आणि ते झिजले असे वरून ठरविले जाते केव्हा, हा फरक त्या गिरणीतून बाहेर पडलेला कोणताही जुना कामगार समजावून सांगू शकेल.

या परिस्थितीत युनियनच्या कचेरीतला, मोहल्ल्यातील वाचनालयातला किंवा घरचा जुना संगणक वाचविण्याचा एक सरळ मार्ग लिनक्सचा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहावयास घेतलेला लिनक्सचा गाभा यांतून उभी राहिलेली ही प्रणाली कोणाची खाजगी मालमत्ता नाही. ती वापरण्यास, तपासण्यास, बदलण्यास आणि दुसऱ्याला देण्यास सर्वांना सारखाच अधिकार आहे. दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रावरही ती समाधानाने चालते. येथपर्यंत आपल्या सर्वांचे एकमत असते.

अडचण पुढे येते. कार्यकर्ता पेन ड्राइव्ह तयार करतो, यंत्रात लावतो आणि बसवणीला प्रारंभ करतो. मग कधी बसवणीच्या कार्यक्रमाला हार्ड डिस्कच दिसत नाही. कधी डिस्क दिसते, पण तिच्यावर नवा विभाग पाडता येत नाही. कधी सारे सुरळीत होते, आणि यंत्र पुन्हा सुरू करताच काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढे दोन शब्द उमटतात व पुढे काहीही हालत नाही. कधी लिनक्स येते पण विंडोज नाहीशी होते. कधी याच्या उलट, विंडोज मुकाट्याने सुरू होते आणि लिनक्सचा मागमूस उरत नाही. भांबावलेला कार्यकर्ता यंत्र घेऊन सीताबर्डीच्या एखाद्या दुकानात जातो, आणि तेथे त्याला या देशातील संगणक-दुरुस्तीचे ब्रह्मवाक्य ऐकावयास मिळते : “फॉर्मॅट मारावा लागेल.” फॉर्मॅट मारला जातो. सभासद नोंदणीच्या याद्या, औद्योगिक न्यायालयातील प्रकरणांचे कागद, दहा वर्षांची छायाचित्रे त्यात जातात. विंडोजची एक चोरीची प्रत यंत्रावर चढते. आणि वस्तीत बोलवा होतो की लिनक्स टाकले की डिस्क जाते.

हा लेख त्या बोलव्याविरुद्ध आहे. आपल्या चळवळीतील काही मित्र म्हणतील की हा तांत्रिक प्रश्न झाला, पक्षाच्या साप्ताहिकात त्याला जागा कशाला? वरवर पाहता हा आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु विहिरीवर पाणी कोणी भरावे हाही एके काळी केवळ रहाटाचा आणि दोराचा प्रश्न आहे असे सांगणारे लोक होतेच.

प्रथम डिस्क म्हणजे काय ते पाहू. हार्ड डिस्क हे शेत समजावे. त्यात माहितीचे पीक आहे. या शेताचे तुकडे कोठून कोठपर्यंत आणि कोणाचे, याची नोंद डिस्कच्या आरंभी असलेल्या एका लहानशा तक्त्यात असते. हा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कचे पहिले ५१२ बाइट एवढीच जागा या कामी असे. त्यातले ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या कार्यक्रमासाठी आणि ६४ बाइट नोंदींसाठी. या ६४ बाइटांत फक्त चार मुख्य तुकडे मावतात. नव्या जीपीटी पद्धतीत सर्वसाधारणपणे १२८ नोंदी मावतात, शिवाय डिस्कच्या शेवटी या सातबाऱ्याची दुसरी प्रत ठेवलेली असते.

यातून निघणारी पहिली गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने गाठीस बांधावी. सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही. तक्ता बिघडला, एखादा विभाग चुकून पुसला गेला, तरी आतले पीक बहुधा जागच्या जागी उभे असते. टेस्टडिस्क नावाचा विनामूल्य कार्यक्रम डिस्क चाचपून जुने बांध शोधून काढतो व तक्ता पुन्हा लिहून देतो. अट एकच : मधल्या काळात त्या डिस्कवर काहीही नवे लिहावयाचे नाही. एसएसडी जातीच्या नव्या डिस्कवर तर फॉर्मॅट होताच माहिती खरोखरच कायमची पुसली जाऊ शकते. म्हणून ‘ग्रब रेस्क्यू’ दिसल्यावर दुकानाकडे धावणे हाच खरा धोका असतो. तो पडदा एवढेच सांगतो की पहारेकरी जागा आहे, पण ज्या खोलीत त्याची वही ठेवलेली होती ती खोली त्याला सापडत नाही. विभागांचे क्रमांक बदलले किंवा एखादा विभाग काढून टाकला की हे हमखास होते. ज्या पेन ड्राइव्हने बसवणी केली त्याच पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे, आतील लिनक्सचा विभाग जोडून घ्यावा, आणि ग्रब पुन्हा बसवून त्याची यादी ताजी करावी. हे अर्ध्या तासाचे काम आहे. ज्यांना आज्ञा टंकण्याची सवय नाही त्यांच्यासाठी बूट-रिपेअर हा कार्यक्रम यातील बराचसा भाग स्वतः करतो.

आता मुद्दा असा की, बसवणीच्या वेळी येणाऱ्या या अडचणी आकाशातून पडतात काय? त्या नवख्याच्या अज्ञानातून येतात काय? एकेक अडचण उलगडून पाहिली की तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच वस्तुस्थिती सापडते : यंत्र आपल्या हाती पडते तेव्हा त्याची सगळी डिस्क आधीच एका कुळाने व्यापलेली असते, आणि त्या कुळाने दाराची व्यवस्थाही आपल्या सोयीने लावून ठेवलेली असते.

२०१० च्या सुमाराचे कित्येक लॅपटॉप घ्या. चार मुख्य विभागांची मुभा, आणि उत्पादकाने चारही भरून टाकलेले : एक विंडोजच्या प्रारंभाचा, एक खुद्द विंडोजचा, एक पूर्वस्थितीला नेण्याचा, आणि एक कंपनीच्या किरकोळ अवजारांचा. पाचव्याला जागा नाही. विंडोजमधूनच पाचवा विभाग पाडू गेलात तर ती डिस्क ‘डायनॅमिक’ करण्याचा सल्ला देते; तो मानला की लिनक्सची वाट आणखी बिकट होते. उपाय आहे. चौथा, अवजारांचा विभाग दुसरीकडे उतरवून घ्यावा, पुसावा, आणि त्या जागी विस्तारित विभाग पाडून त्याच्या पोटात हवे तेवढे तुकडे करावे. पण सातबाऱ्यावरचे चारही रकाने एकाच्याच नावे कोणी लिहिले, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

नव्या यंत्रांत दाराची रचना बदलली आहे. युईएफआय या पद्धतीत डिस्कवर एक छोटासा स्वतंत्र विभाग असतो व त्यात प्रत्येक प्रणालीचा पहारेकरी, म्हणजे बूट लोडर, शेजारी शेजारी राहू शकतो. कोणाला आधी हाक मारावयाची याची यादी यंत्राच्या स्मृतीत असते. ही रचना स्वतः वाईट नाही. जुन्या पद्धतीपेक्षा ती न्याय्यच आहे. परंतु विंडोजचा मोठा बदल आला की तो पुष्कळदा या यादीत स्वतःचे नाव पुन्हा वर नेऊन बसवितो. लिनक्स गेले असे लोक समजतात. ते कोठेही गेलेले नसते. यंत्र सुरू होताना एफ २, एफ १० किंवा डिलीट, जी कळ त्या यंत्राची असेल ती दाबून यादीतला क्रम बदलला की ते जागच्या जागी भेटते.

बसवणीपूर्वी करावयाची कामेही याच वस्तुस्थितीतून निघतात. विंडोज बंद केली असे वाटते तेव्हा ती पूर्ण बंद झालेली नसते; ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीपायी ती डिस्क अर्धवट धरून ठेवते आणि लिनक्सला त्या विभागात लिहू देत नाही. ती सोय आधी काढून टाकावी. विंडोजचा विभाग विंडोजच्याच अवजाराने आकसून घ्यावा. बिटलॉकरचे कुलूप आहे की नाही ते पाहावे, कारण २०२४ च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर, कंपनीचे खाते जोडताच, हे कुलूप आपोआप लागते व त्याची किल्ली कंपनीच्या खात्यात जमा होते. दाराच्या व्यवस्थेत थोडाही बदल झाला की यंत्र ४८ अंकी किल्ली मागू लागते. स्वतःच्या घराच्या कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे ठेवावयाची आणि घरात शिरताना त्याच्याकडे मागावयाची, अशी ही सोय! ते ४८ अंक आधीच कागदावर उतरून घ्यावे. डिस्क मुळीच दिसत नसेल तर बहुधा यंत्रातील डिस्क-नियंत्रक इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर लावलेला असतो. तो एएचसीआय पद्धतीवर न्यावा लागतो, मात्र त्यापूर्वी विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगावे, नाही तर ती निळा पडदा दाखवून रुसते. आणि पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू केला व विंडोज नव्या पद्धतीची असली, तर दोघांची दारे वेगवेगळ्या दिशांना उघडतात व एकमेकांना कधीच दिसत नाहीत. निम्म्या तक्रारींचे मूळ या एका गफलतीत सापडेल असा माझा कयास आहे. या सर्वांच्या आधी आपले कागद दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत, हे सांगावयास नकोच. तरी सांगतो, कारण कोणी करीत नाही.

वहिवाट कशी कायम झाली

मध्य प्रांतातील मालगुजार मुळात सारा गोळा करून सरकारात भरणारा माणूस होता. इंग्रजांनी १८६० च्या दशकातील जमाबंदीत त्याच्या नावे मालकी लिहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा स्वतःच्या शेतात परका झाला. ही मालगुजारी १९५१ साली गेली. वसुली करणारा कागदावर मालक कसा होतो, हे विदर्भातील वाचकास म्हणूनच चटकन कळावे. संगणकप्रणालीचे मूळ काम यंत्र आणि माणूस यांच्यामधील मध्यस्थाचे. हा मध्यस्थ मालक झाला तो गुणांच्या बळावर, असे आपणास शिकविले जाते. इतिहास निराळे सांगतो.

एके काळी मायक्रोसॉफ्टचे संगणक-उत्पादकांशी असे करार असत की, यंत्रावर तिची प्रणाली घाला अथवा न घाला, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे तिला पैसे मिळत. अमेरिकी न्याय खात्याशी १९९४ साली झालेल्या तडजोडीत ही पद्धत तिला सोडावी लागली. त्याहून बोलके प्रकरण बी इन्कॉर्पोरेटेड या लहान कंपनीचे आहे. तिने बीओएस नावाची प्रणाली तयार केली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती उत्पादकांना फुकट देऊ केली : विंडोज राहू द्या, शेजारी हीही घाला, ग्राहक सुरुवातीलाच हवी ती निवडील. हिताची कंपनीने जपानात तसे संगणक काढले. परंतु ग्राहकाने यंत्र सुरू केले की निवडीचा प्रश्न विचारला जात नसे. सरळ विंडोज सुरू होई. बीओएस डिस्कवर हजर होती, फक्त तिच्या दाराला कडी होती, आणि ती काढण्याची खटपट ग्राहकाने स्वतः करावयाची होती. याचे कारण उत्पादकांशी केलेल्या विंडोजच्या करारांत होते. सुरुवातीचा क्रम बदलण्यास त्यांत मनाई होती, आणि ते करार गोपनीय होते. बी कंपनी २००१ मध्ये मोडीत निघाली. तिने २००२ साली दावा लावला व २००३ साली मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन, दोष मान्य न करता, तो मिटविला. प्रतिस्पर्धी मेल्यावर मिळालेली ही भरपाई!

तेव्हा बूट लोडर ही काही कारकुनी बाब नाही. यंत्रात वीज शिरताच पहिला शब्द कोणी बोलावयाचा, यावर कंपन्या जगल्या आहेत आणि मेल्या आहेत.

आज कराराची जागा कुलपाने घेतली आहे. विंडोज ८ बरोबर २०१२ साली सिक्युअर बूट आले. त्यामागील हेतू ऐकावयास चांगला आहे : यंत्र सुरू होताना केवळ सही-शिक्क्याचा कार्यक्रमच चालावा, चोरट्याला आत येऊ देऊ नये. परंतु शिक्का कोणाचा? बाजारातील जवळजवळ प्रत्येक संगणकात किल्ली घातलेली असते ती मायक्रोसॉफ्टची. म्हणून उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या प्रमुख आवृत्त्यांना ‘शिम’ नावाचा एक छोटा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यावा लागतो, आणि त्याच्या मागोमाग आपला पहारेकरी आत न्यावा लागतो. स्पर्धकाने दिलेल्या पासावर स्पर्धकाच्या दारातून प्रवेश! विंडोज ८ च्या वेळी हे कुलूप बंद करण्याची सोय ग्राहकास दिलीच पाहिजे अशी अट उत्पादकांवर होती. विंडोज १० आली तेव्हा ती अट ऐच्छिक झाली. ज्या किल्लीने हे शिम आजवर सही होत आले तिचे प्रमाणपत्र २०११ चे, आणि त्याची मुदत जून २०२६ ची. मुदत संपल्याने चालू यंत्रे बंद पडत नाहीत. परंतु २०२३ च्या नव्या किल्लीची ओळख ज्या जुन्या यंत्रांना नाही, ती नव्या शिक्क्याचा कार्यक्रम ओळखीत नाहीत. जुन्या यंत्राला ही ओळख करून द्यावयाची की नाही हे पुन्हा उत्पादकाच्या मर्जीवर.

या पासाची किंमत ऑगस्ट २०२४ मध्ये दिसली. त्या महिन्याच्या १३ तारखेला आलेल्या विंडोजच्या बदलाने ग्रबमधील दोन वर्षांपूर्वीच्या एका दोषाचे निमित्त करून जुने शिम नाकारण्याचा नियम यंत्रांत लिहिला. ज्या यंत्रांवर दोन्ही प्रणाली आहेत त्यांना हा नियम लागणार नाही असे कंपनीने सांगितले होते. प्रत्यक्षात तो लागला. असंख्य लोकांनी सकाळी यंत्र सुरू केले तो लिनक्सच्या जागी ‘काहीतरी फार गंभीर बिघडले आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश. ज्यांनी लिनक्सला बोटही लावले नव्हते त्यांचे लिनक्स शेजारच्या बिऱ्हाडाने बंद केले. कामचलाऊ उपाय लोकांनी आपापसांत शोधला : सिक्युअर बूट बंद करणे, लिनक्समध्ये शिरून तो नियम पुसणे, नवे शिम घेणे, कुलूप पुन्हा लावणे. कंपनीची कायमची दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. नऊ महिने!

दोष ग्रबमध्ये होता हे खरे. परंतु दोष दुरुस्त करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या घराचा दरवाजा न विचारता बाहेरून खिळे मारून बंद करणे वेगळे.

आपल्यातील दोष

एवढे म्हटल्यावर लिनक्सच्या पुरस्कर्त्यांनाही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. बसवणीच्या कित्येक कार्यक्रमांत ‘सगळी डिस्क पुसा’ हा पर्याय पहिला आणि ठळक असतो. नवख्याचे बोट तेथेच जाते. ग्रबने २०२१ च्या आवृत्तीपासून दुसऱ्या प्रणाली शोधण्याचे काम मूळ अवस्थेत बंद ठेवले. त्यामागे सुरक्षेचे कारण होते. पण त्यामुळे अनेकांना यादीत विंडोज दिसेनाशी झाली आणि ती पुसली गेली अशी त्यांची समजूत झाली. आणि ज्ञानी मंडळी! अडचणीत सापडलेल्याने विचारले की, आधी पुस्तिका का वाचली नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न. मार्क्सचे भांडवल वाचल्याशिवाय पगारवाढ मागू नये असे आपण कामगाराला सांगत नाही. हा ज्ञानाचा सोवळेपणा मक्तेदारीच्या जेवढा उपयोगी पडतो तेवढी तिची जाहिरातही पडत नसेल.

दुसरा दोष आपल्या घरातला. चोरीची विंडोज वापरणे ही भांडवलदाराला मारलेली चपराक आहे अशी समजूत आपल्या अनेक तरुण साथींची आहे. खुद्द बिल गेट्स यांनी १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात चीनविषयी बोलताना याचे उत्तर देऊन ठेवले आहे : लोक चोरणारच असतील तर आमचेच चोरावे, त्यांना सवय लागेल, वसुली कशी करावयाची ते पुढच्या दशकात पाहू, असा त्या बोलण्याचा आशय होता. फॉर्मॅट मारून चढविलेली प्रत्येक चोरीची प्रत ही त्या सवयीची फुकट जाहिरात आहे.

ही सवय सरकारी खर्चाने कशी लावली जाते हे पाहावयाचे असेल तर एमएस-सीआयटी पाहावी. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ साली सुरू केलेला हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला, मराठीतून पोहोचला, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यात संगणक म्हणजे विंडोज आणि लेखन म्हणजे मायक्रोसॉफ्टचे ऑफिस. नावातील ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र राज्य; तरी कित्येक विद्यार्थी ते मायक्रोसॉफ्टचे समजतात, आणि त्यांना हसण्याचे धाडस मला होत नाही. ठरल्या मुदतीत संगणकाचे प्रमाणपत्र मिळविले नाही म्हणून जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या, वसुल्या लागल्या. ज्या ज्ञानापायी शिक्षकाच्या पगारावर टाच येते, त्या ज्ञानात डिस्कचा सातबारा कसा वाचावा हा धडा का नसावा?

काही जण म्यूनिकचे उदाहरण तोंडावर फेकतात. त्या जर्मन शहराने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार यंत्रे पालटली, आणि २०१७ साली विंडोजकडे परतण्याचे ठरविले. बरोबर आहे. फक्त मधल्या काळात, २०१६ साली, मायक्रोसॉफ्टने आपले जर्मनीतील मुख्यालय म्यूनिक शहरात हलविले, हेही त्याच दमात सांगावे. आणि म्यूनिक सांगताना केरळ का विसरावे? तेथील शाळांतून गेली सुमारे दोन दशके मुक्त सॉफ्टवेअर शिकविले जाते. २०१९ साली दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर त्यांनी स्वतः घडविलेली लिनक्सची आवृत्ती चढविण्याचे हाती घेतले, आणि यातून ३ हजार कोटी रुपयांची बचत झाल्याचे तेथील सरकारी संस्थेचे म्हणणे आहे. तेथे शिक्षकच बसवणी करतात, शिक्षकच दुरुस्ती करतात. डिस्क गेली म्हणून केरळ बुडाले असे ऐकिवात नाही.

आणि हा प्रश्न कचेरीतल्या जुन्या यंत्रापुरता आहे असेही कोणी समजू नये. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांत गुजरातेतील वाडिनारच्या नायरा एनर्जीचे नाव घातले, आणि मायक्रोसॉफ्टने या कंपनीच्या सेवा एकाएकी बंद केल्या. भारताने असे निर्बंध घातलेले नव्हते. एक प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना, पैसे भरून घेतलेली सेवा, आणि आपला पत्रव्यवहार वाचण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याची पाळी! सेवा नंतर चालू झाल्या. नायराचे मालक कोण, रशियन भांडवलाविषयी आपले मत काय, हे मुद्दे निराळे. किल्ली कोणाच्या हातात आहे हे त्या आठवड्यात सर्वांना दिसले.

याच देशात एके काळी दुसरी भाषा बोलली गेली आहे. पाश्चात्य देशांत टाकून दिलेली यंत्रे डागडुजी करून आयबीएम येथे भाड्याने देत असे. परकी चलन नियमन कायद्याखाली भागभांडवल कमी करण्यास तिने नकार दिला, आणि १९७८ साली, साथी जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, तिला हा देश सोडावा लागला. आकाश कोसळले नाही. सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसीने त्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली आणि आपल्या तंत्रज्ञांनी ती चालविली. (ही सीएमसी पुढे २००१ साली टाटांना विकली गेली, तो लेखाचा स्वतंत्र विषय आहे.) अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम’ उभा केला, त्याचे प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातले, नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६५ साली बाहेर पडलेले. त्याच सी-डॅकने २००७ साली बॉस ही लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली, ती मराठीतही चालते. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, आणि पुरवठादाराने ते वगळल्यास कारण द्यावे असे त्यात लिहिले. धोरण कागदावर आहे. किती निविदांत असे कारण मागितले गेले, याची विचारणा माहितीच्या अधिकारात नागपूर महानगरपालिकेकडे आणि जिल्हा परिषदेकडे करणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

निविदेत काय मागावे हेही मोघम नको. संगणक प्रणालीशिवाय मिळावा, किंवा प्रणालीची किंमत बिलात वेगळी दाखवावी. सिक्युअर बूट ग्राहकास बंद करता यावे आणि त्यात स्वतःची किल्ली घालता यावी. कुलूपबंद डिस्कची किल्ली खरेदीदार संस्थेच्या दप्तरी जमा व्हावी. पाठिंबा संपला या एका कारणास्तव कोणतेही सरकारी यंत्र भंगारात काढण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालते की नाही याची नोंद व्हावी, आणि चालत असल्यास ते शाळेला किंवा वाचनालयाला द्यावे.

निविदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुका कचेरीत निदान एका साथीने, आणि तो साथी संगणकाचा पदवीधर असण्याची मुळीच गरज नाही, ही विद्या हस्तगत करावी. सामग्री थोडी लागते : बसवणीचा एक पेन ड्राइव्ह, कागद उतरवून घेण्यासाठी एक बाहेरची डिस्क, आणि एक साधी वही. वहीत प्रत्येक यंत्रामागे एक पान : विभाग किती व कोणते, यंत्र नव्या पद्धतीने सुरू होते की जुन्या, सुरुवातीला कोणती कळ दाबावयाची, आणि बिटलॉकर असल्यास ते ४८ अंक. वही कपाटात कुलूप लावून ठेवावी, आणि त्या कपाटाची किल्ली कचेरीतच राहील असे पाहावे.